लोकरीचा हिवाळा

आमच्या लोणखेड्याच्या शेतात परवा पुन्हा मेंढ्या बसल्या. कपाशीची शेवटची वेचणी उरकली, पऱ्हाट्या निघाल्या आणि मोकळ्या झालेल्या काळ्या रानात मेंढपाळांनी दोरीच्या जाळ्या ठोकल्या. रात्री मेंढ्या त्या जाळ्यांच्या आत बसतात, जमिनीला खत मिळतं, आणि सकाळी वारा गावाकडे वळला की एक ओला, उग्र, थोडासा खवट लोण्यासारखा वास ओट्यापर्यंत येतो. पूर्वी हा वास आला की मी पुढचं दार लावून घेत असे. आता दार उघडं ठेवते. ओट्यावर उन्हाला बसलेल्या उषाताई परवा मान वर करून म्हणाल्या, "वहिनी, आल्या वाटतं." रस्त्यावर अजून धूळही उठली नव्हती.

उषाताई म्हणजे माझी थोरली नणंद. शहाद्याच्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहिल्या. मी रनाळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा त्या नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, ब्लेडनं टोक काढलेल्या पेन्सिली, आणि घरातसुद्धा शाळेतली शुद्ध मराठी. आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, त्या उत्तर मराठीत द्यायच्या. आमचं नणंद-भावजयीचं भांडण कधी झालं नाही. भांडायला जितकं जवळ यावं लागतं, तितक्या आम्ही आलोच नव्हतो. ताट वाढलं, ताट उचललं, 'तुमचा डबा भरलाय', 'बरं' – एवढ्यावर आमची वर्षं सरली.

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. झाला म्हणजे केव्हाच झाला होता, कळला उशिरा. सुरतेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली जपायची. डाव्या डोळ्यात उजेड-अंधारापलीकडे काही उरलं नव्हतं. उजव्यानं मधलं तेवढं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. परतीच्या वाटेवर गाडीत त्या नवापूर मागे पडल्यावर एवढंच म्हणाल्या, "फळ्याची एक बाजू मला दिसायची नाही. मी समजत होते, फळा जुना झाला."

घरी आल्यावर त्यांनी शाळेतून रजा घेतली आणि आपल्या खोलीचा पडदा ओढून घेतला. तो दिवाळीनंतरचा काळ होता.

आणि त्याच दिवसांत माझी मुलगी तेजल घरी आली. बडोद्याला ती कापडाचं डिझाइन शिकली होती. पुढे हिमाचलातल्या एका गावात राहून लोकर दाबून नमदा करायची कला शिकली, आणि ज्या ठिकाणी काम करत होती ते ठिकाण बंद पडलं म्हणून बॅगा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, बरं झालं, पोरगी महिनाभर तरी घरचं जेवेल. तिनं मात्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात चक्कर मारली आणि बांधावर पडलेला लोकरीचा ढीग पाहून हरखली. मेंढपाळांनी नुकतीच कातरणी केली होती. त्यांच्यातली एक बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला तेजलनं विचारलं, "ही लोकर आम्ही घेऊ का?"

ती बाई हसली. "लई जा ना माय. आते कोन लेस हाई लोकर? आम्ही ते बांधवर टाकी देतस." मग तिनं उठून एक वेगळं बोचकं आणून दिलं. कोकरांची पहिल्या कातरणीची लोकर. तिला जावळ म्हणतात. लहान बाळाच्या जावळाला आपण म्हणतो तोच शब्द. हात घातला तर तसाच लागला.

ती लोकर धुण्यात आमचे बरेच दिवस गेले. गोखरू, काडीकचरा, वाळलेल्या लेंड्या, आणि बोटांना चिकटून राहणारी चरबी. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायची, चोळायची नाही, नुसती बुडवून उचलायची, पुन्हा नवं पाणी. गच्चीवर वाळत घातली की कावळे ओढून न्यायचे. तेजलचे वडील केळीच्या बागेतून आले की नाकाला रुमाल लावून विचारायचे, "घर शे का गोठा?" आणि तरी संध्याकाळी बंबात जास्तीचं पाणी तापवून ठेवायचे.

मला शिकायचं होतं असं नाही. पोरगी एकटी बसून काम करते, म्हणून मी शेजारी बसले. पण ते काम पाहता पाहता माणूस त्यात ओढला जातो. यात विणायचं नाही, शिवायचं नाही. पिंजलेल्या लोकरीचे पातळ पातळ झुबके आडवे मांडायचे, त्यावर उभे, त्यावर पुन्हा आडवे. वर मच्छरदाणीचा तुकडा टाकायचा, साबणाचं गरम पाणी शिंपडायचं आणि तळहातानं हळूहळू चोळायचं. आधी काहीच होत नाही. ओल्या मांजराला कुरवाळल्यासारखं वाटतं. मग केव्हातरी केस एकमेकांत अडकायला लागतात, खालचा थर वरच्याला धरतो, आणि हाताखालचं ते लिबलिबीत प्रकरण एकदम कापड होतं. त्यानंतर चटईत गुंडाळून लाटायचं, आपटायचं. जितकं आपटावं तितकं ते आवळत जातं, घट्ट होतं, लहान होतं.

पण तेजलला सपाट नमदे करायचे नव्हते. तिला वस्तू करायच्या होत्या. शेंगा, बोंडं, घरटी, वारुळं. आतून पोकळ, कुठेही शिवण नसलेल्या. त्यासाठी केळीच्या पॅकिंगचा पातळ फोम ती त्या आकाराचा कापायची, पण हव्या त्यापेक्षा बराच मोठा, कारण लोकर आवळणार. फोमच्या दोन्ही बाजूंनी लोकर मांडायची, कडांवरून दुमडून घ्यायची. लोकर नीट धरली की एका ठिकाणी कात्रीनं चीर द्यायची, फोम ओढून काढायचा, आणि मग आत हात घालून, बोटांनी आतून-बाहेरून दाबत तिला पोट द्यायचं, मान द्यायची, ओठ द्यायचे. ओलं असताना जो आकार द्याल तो वाळल्यावर राहतो.

मी पहिल्यांदा शेवरीचं, म्हणजे काटेसावरीचं, बोंड करायला घेतलं. भरताचं वांगं झालं.

उषाताई हे सगळं आतून ऐकत होत्या. जेवायला बाहेर यायच्या, भिंतीला बोटं लावत, आणि पुन्हा आत जायच्या. एका दुपारी तेजल त्यांच्या दाराशी गेली. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. ती म्हणाली, "फुई, चल ना बाहेर. हे काम हातांचं आहे. डोळे नसले तरी..." पुढचं वाक्य तिनं गिळलं, पण उशीर झाला होता.

उषाताई उठून उंबऱ्यात आल्या. त्यांना अहिराणी बोलताना मी क्वचित ऐकलं होतं. त्या दिवशी ऐकलं. "आंधळीले काहीतरी काम लावानं, म्हणीसन करी ऱ्हायनात का तुम्ही हाई?" आवाज चढला नव्हता. दार मात्र लागलं.

तेजल ओट्यावर येऊन बसली आणि रडली. मी तिची समजूत घातली नाही. मला उषाताईंचं पटलं होतं. आपल्याकडे कुणी पडलं-झडलं की आपण लगेच त्याच्या हातात निवडायला शेंगा देतो. त्याला करमावं म्हणून देतो, आणि आपल्यालाही बरं वाटावं म्हणून देतो. घेणाऱ्याला ते बरोबर कळतं.

पुढचे काही दिवस कुणी त्यांना काही म्हटलं नाही. रानात दादर ज्वारी निसवली होती, थंडी वाढली होती. एका दुपारी तेजल शहाद्याला गेली होती आणि मी ओट्यावर एकटीच माझं दुसरं बोंड चोळत बसले होते. उषाताई पाणी प्यायला म्हणून बाहेर आल्या. तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. तिथेच उभ्या राहिल्या.

"काय करताय?"

"शेवरीचं बोंड."

"दाखवा."

मी ते ओलं बोंड तसंच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजव्या डोळ्याजवळ नेलं, तिरकं धरून पाहिलं, मग बोटं फिरवली. त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती मी ओळखत होते. पोरांच्या चित्रकलेच्या वह्या तपासताना पडायची ती.

"वहिनी, हे शेवरीचं नाही. शेवरीच्या बोंडाला पाच फाका असतात. उकलतं तेव्हा त्या पाच शिवणींवर उकलतं. तुम्ही नुसता फुगा केलाय. आणि देठ असा मधोमध खुपसलेला नसतो, त्याला थोडा बाक असतो."

"मला कुठे जमतंय ताई," मी म्हटलं.

"जमायचा प्रश्न नाही. पाहिलंच नाहीत तुम्ही कधी." आणि त्या पाटावर बसल्या. उन्हासाठी बसतेय, असं आधी जाहीर केलं. मग पदर खोचला आणि माझ्या बोंडावर अंगठ्यानं पहिली खाच पाडली.

पाच फाका काही त्या दिवशी झाल्या नाहीत. लोकर केव्हाच धरून बसली होती, त्यांचं ऐकेना. पण संध्याकाळी तेजल फाटकातून आत आली तेव्हा फुईच्या कोपरापर्यंत फेस होता. पोरगी शहाणी. तिनं पाहिलं न पाहिलंसं केलं आणि चहा टाकायला आत गेली.

आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या बाहेर आल्या ते माझ्या चुकीमुळे. मी चांगलं बोंड केलं असतं, तर त्या पाणी पिऊन आत गेल्या असत्या. त्यांना कीव नको होती. चुकीचं चित्र मात्र त्यांना आयुष्यात कधी सहन झालं नव्हतं.

त्यांचीही कामं बिघडायची. एकीकडे थर जाड, एकीकडे इतका पातळ की बोट आरपार जावं. पाणी सांडायचं. एकदा उकळतं पाणी पायावर घेतलं. अशी वस्तू बिघडली की त्या ती मुठीत दाबून लांब अंगणात फेकायच्या, आणि आम्ही दोघी माना खाली घालून आपापलं चोळत राहायचो. लोकर टोचून नक्षी उठवायच्या बारीक काटेरी सुया तेजलनं लपवून ठेवल्या होत्या. ते त्यांना कळलं तेव्हा दिवसभर अबोला झाला. शेवटी सुया त्यांच्यापुढे ठेवल्या. दोन बोटांतून रक्त काढून झाल्यावर त्यांनीच डबी परत दिली. म्हणाल्या, "मला हे टोचाटोचीचं काम आवडत नाही. पाण्याचंच बरं." आम्ही कुणीच हसलो नाही. म्हणजे त्यांच्यासमोर नाही.

आणि मग केव्हातरी साधायला लागलं. रुईचं फळ झालं, पोपटाच्या चोचीसारखं टोक असलेलं. केळफुलाची एकेक पाकळी उलगडत गेलेली. मुरडशेंग तर अशी पिळदार जमली की तेजलनं ती दोन दिवस खिशात घालून फिरवली. काम हाताला आलं की त्यांची शाळेतली मराठी सुटायची. "दख वं पोरी, कसं आवळाई गयं!" त्या म्हणायच्या. मला माझ्या सासूबाईंची आठवण व्हायची. त्याही असंच म्हणत, पापड लाटताना.

संक्रांत झाल्यावर त्यांनी एक मागणी केली. "मला सातपुड्याच्या पायथ्याशी घेऊन चला. जे करायचं ते आधी पाहून ठेवायचंय." 'पाहून ठेवायचंय' हे शब्द त्यांनी बाजारातून तेल आणून ठेवायचंय अशा सुरात म्हटले. आम्ही तेजलच्या वडिलांच्या गाडीतून गेलो. धडगावच्या रस्त्याला, जिथे सपाटी संपून चढ लागतो तिथे उतरलो. पळसाला नुकत्या काळ्या मखमली कळ्या धरल्या होत्या, शेवरी निष्पर्ण उभी होती. त्या एकेका झाडाशी थांबायच्या. फांदी वाकवून उजव्या डोळ्याजवळ आणायच्या, नळीतून दिसणारा तो तुकडा सरकवत सरकवत अख्खी फांदी पाहून घ्यायच्या. आपण ज्याकडे एक नजर टाकून पुढे जातो, त्याला त्यांना घटकाभर वेळ लागायचा. कुणी घाई केली नाही. एका पडक्या विहिरीवर बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती, गेल्या पावसाळ्यातली, आता रिकामी. तेजलच्या वडिलांनी काठीनं एक उतरवून दिलं. ते मांडीवर घेऊन उषाताई तिथल्या खडकावर बसल्या. बोगदा, मधली खोली, अंडी ठेवायचा उंबरठा – बोट घालून सगळं तपासलं.

"हे मोठं करायचं," त्या म्हणाल्या. "माणूस आत उभा राहील एवढं."

आमच्या घरात त्यानंतर दुसरा विषय राहिला नाही. मेंढपाळांकडून पुन्हा लोकर आली. गच्चीवर केळीच्या बागेचं प्लास्टिक अंथरलं, फोमचे तुकडे जोडून माणसाहून मोठा साचा झाला. तिघी जणी गुडघ्यांवर बसून थर मांडायचो. खालून उषाताई, वरून तेजल, मधे मी. इतकं मोठं काम हातानं चोळून होईना, तेव्हा आम्ही ते चटईत गुंडाळलं आणि तिघी ओळीनं त्यावर पाय देऊन उभ्या राहिलो, कठडा धरून, द्राक्षं तुडवावीत तसं. शेजारच्या गच्चीवरून बायका पाहायच्या. उषाताईंनी साडीचा काष्टा मारला होता. ज्या बाईंना पाहून शाळेतली पोरं कोपऱ्यावरून सायकल वळवायची, त्या बाई.

आठवडाभर तुडवल्यावर ते आवळलं. तेजलनं चीर दिली आणि फोम ओढायला आत हात घातला. तिचा चेहरा उतरला. बोगद्याच्या तोंडाशी साचा सरकला होता. आतल्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून एकजीव झाल्या होत्या. घरट्याला आत जायची वाटच उरली नव्हती. वर मोठं पोट, खाली बंद, जाड, दोरखंडासारखी शेपटी.

विणकाम चुकलं तर उसवता येतं. शिवण उसवता येते. लोकर एकदा धरली की सोडत नाही. तेजलला हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक, म्हणून ती मटकन खाली बसली. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "साचा मी जोडला होता, फुई."

उषाताईंनी त्या बंद शेपटीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मला वाटलं, आता या हे सगळं गच्चीवरून खाली फेकणार. त्या मग म्हणाल्या, "सुगरणीचा नर अर्धी घरटी बांधून सोडून देतो, ठाऊक आहे? मादीला पसंत पडलं नाही की दुसरं सुरू करतो. झाडावर पाहिली नाहीत तू? नुसत्या टोप्या लोंबत असतात." शेपटीच्या वरच्या बाजूला बोट टेकवून म्हणाल्या, "कात्री आण. शेपटी इथून कापू. टोपी तर टोपी."

ती टोपी अजून आमच्या पडवीत टांगलेली आहे. खाली बाक ठेवलाय. पाहुण्यांची लहान पोरं त्या बाकावर उभी राहून तिच्यात डोकं घालतात आणि आतून हाका मारतात. आवाज घुमत नाही. लोकर आवाज पिऊन टाकते. पोरांना त्याचंच नवल वाटतं.

फेब्रुवारीत शाळेतून निरोप आला. रजा संपत आली होती. पुढचं काय ते ठरवा, असं मुख्याध्यापकांनी सौम्यपणे विचारलं होतं. उषाताईंनी स्वेच्छानिवृत्तीचं आधीच मनाशी ठरवलं होतं, पण एक तास मागून घेतला. सातवीचा. मला बरोबर यायला सांगितलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या वर्गात पाऊल टाकलं नव्हतं.

पोरं उठून उभी राहिली. बाईंच्या डोळ्यांचं त्यांना कळलं होतं, त्यामुळे वर्गात तो दवाखान्यात असतो तसा शहाणपणा पसरला होता. उषाताईंनी पिशवीतून एकेक वस्तू काढली आणि बाकांखालून पोरांच्या हातात दिली. "वर काढून पाहायचं नाही. एका हातानं चाचपायचं, दुसऱ्या हातानं काढायचं."

वर्ग चुळबुळला. एका मुलीनं विचारलं, "बाई, हाई काय शे?"

"तेच तर तू मला सांगायचंस. तोंडानं नाही, पेन्सिलीनं."

पाच मिनिटांत तो दवाखाना मोडला. कुणी खिदळलं, कुणी डोळे मिटून जीभ बाहेर काढून काढत बसलं. एकानं मुरडशेंगेची जिलेबी काढली. उषाताई बाकाबाकांवरून फिरत होत्या, कड हातानं चाचपत, कागद उजव्या डोळ्याशी नेत. "इथे पीळ उजवीकडे जातो. पुन्हा चाचप." "हा देठ सरळ का? पुन्हा." तीच आठी, तोच आवाज. मी मागच्या बाकावर बसून पाहत होते आणि मला प्रथमच कळत होतं की ही बाई घरी इतकी गप्प का असायची. तिचं सगळं बोलणं इथे खर्च होत होतं.

निवृत्ती त्यांनी घेतलीच. पण दर शनिवारी तसा एक तास त्यांच्याकडे राहिला. आजही त्यांचा भाऊ त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत सोडतो, आणि तिथून पुढे कुठलंतरी पोर न सांगता हात धरतं. उजव्या डोळ्याची नळी त्यानंतर बारीक होत होत आता जवळजवळ मिटली आहे. मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी ऐकताना माणसाला वाटतं की शेवटी काहीतरी चमत्कार झाला असेल. तसं काही झालं नाही. तेजलला बडोद्यात काम मिळालं, ती होळीनंतर गेली. जावळाची थोडी लोकर तेवढी घरात उरली होती.

तेजल गेल्यानंतरची ती दुपार. ऊन तापायला लागलं होतं, पण फरशी अजून गार होती. उषाताईंनी मला ओट्यावर बोलावलं. "खुर्चीवर बसा. पाय पुढे करा."

"कशाला?"

"मापाला. तुमच्यासाठी सपाता करतेय. शेवटचं आवळणं पायावरच करायचं असतं. तेजल सांगून गेलीय."

त्यांच्या हातात ओल्या, पांढऱ्या, बोटभर जाडीच्या दोन सपाता होत्या. केळीच्या सोपटासारखी घडी घोट्यावरून गुंडाळून घेतलेल्या. माझ्या पायांपेक्षा मोठ्या. त्या खाली पाटावर बसल्या आणि त्यांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

मी पाय ओढला. थोरली नणंद. लग्न होऊन आले त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले होते, दर दिवाळीला पडत आले होते. "काय हे ताई, पाय काय धरताय माझे?"

"हलू नका. माप चुकेल."

त्यांनी सपात चढवली, वरून गरम पाणी ओतलं आणि दोन्ही तळव्यांमध्ये माझं पाऊल धरून चोळायला सुरुवात केली. आधी वरून, मग चवड्याशी, मग टाचेकडे. लोकर पायाभोवती हळूहळू आवळत गेली. मी इकडे-तिकडे पाहत राहिले. फाटकाबाहेरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. मी कसलंतरी बोलायचं म्हणून संध्याकाळच्या भाजीचं विचारलं. त्यांनी आणखी थोडं गरम पाणी ओतलं.

घोट्यापाशी घडी नीट बसवायला त्यांनी सपात थोडी खाली सरकवली, आणि त्यांचा अंगठा माझ्या उघड्या टाचेवर आला. तिथे थांबला. मग एका भेगेतून दुसऱ्या भेगेत सावकाश फिरत गेला. बारकाईनं, फांदीवरून त्यांचा डोळा फिरायचा तसा.

"इतल्या भेगा?" त्या म्हणाल्या. "कव्हयपाईन?"

"पहिलेपाईन शेतस," मी म्हटलं. "लगीन व्हयनं तव्हयपाईन."

त्यांचं डोकं खाली होतं. भांगातले पांढरे केस मला वरून दिसत होते.

"माले कव्हयच दिसन्या नहीत," उषाताई म्हणाल्या.

या वेळी मी पाय ओढून घेतला नाही. त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेऊन गरम आहे ना ते पाहिलं, माझ्या टाचेवर सोडलं, आणि दुसरा पाय पुढे करायला सांगितलं.